देयान बोदिरोगा इतका सावकाश खेळून जिंकायचा कसा?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. वय 17, उंची 6 फूट 3 इंच, जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघात फॉरवर्ड. सर म्हणतात, पाय जड आहेत, उडी नाही, तेव्हा बास्केटखाली उभा राहा, रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा परत आलेला चेंडू, घे आणि तो लगेच पुढे खेळ चालवणाऱ्या गार्डकडे दे. अशात कुणीतरी तुला सर्बियाच्या देयान बोदिरोगाचे जुने व्हिडिओ दाखवले. तुझ्यापेक्षाही सावकाश चालणारा हा माणूस युरोपात सगळं जिंकून बसलाय, हे पाहून तू तीन गोष्टी विचारल्यास: तो खरोखर एवढा हळू होता का, एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, का गेला नाही, आणि त्याच्याकडून तुला काय उचलता येईल.

मी स्वतः फॉरवर्ड खेळलो आणि आता 26 वर्षं मुलांना शिकवतोय. बोदिरोगा माझ्या फार जिव्हाळ्याचा खेळाडू आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

तो हळू होता, हे खरंच. सरळ धावण्यात किंवा उडीत त्याच्या काळातले कितीतरी फॉरवर्ड त्याला मागे टाकतील. पण हळू असणं वेगळं आणि उशीर होणं वेगळं. तुझे सर तुझ्यावर ओरडतात ते बहुतेक वेळा उशिरासाठी, आणि दोघंही त्याला वेगाचा दोष समजताय. बोदिरोगाला उशीर झालेला फार क्वचित दिसेल. समोरच्याचा तोल कधी जाणार हे त्याला आधी कळायचं, म्हणून घाई करण्याची वेळच त्याच्यावर येत नसे.

आधी तो कुठून आला ते सांगतो, कारण त्याच्या खेळाचं मूळ तिथे आहे. जन्म 1973 चा, सर्बियाच्या उत्तरेकडच्या व्होयव्होदिना प्रांतातला. झ्रेन्यानिन शहराजवळच्या क्लेक नावाच्या गावात वाढला. (निकोला योकिच याच प्रांतातल्या सोम्बोरचा. उडी न मारता खेळावर राज्य करणारे दोघं एकाच सपाट शेतीच्या मुलखातून आले, याची मला नेहमी गंमत वाटते.) या उंच, बारीक पोराला क्रेशिमिर चोसिचने हेरलं आणि ॲड्रिॲटिक किनाऱ्यावरच्या झादारला नेलं. चोसिच स्वतः 2 मीटर 10 च्या आसपासचा, पण बास्केटखाली अडकून न राहता बाहेर येऊन पास देणारा खेळाडू होता. उंच माणसाच्या हातात चेंडू द्यायला घाबरायचं नाही, हा संस्कार बोदिरोगाला वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी अशा माणसाकडून मिळाला. तुझ्या वयाला.

मग युगोस्लाव्हिया फुटला आणि युद्ध सुरू झालं. 1992 मध्ये तो इटलीत त्रिएस्तेला गेला. तिथले प्रशिक्षक बोगदान तान्येविच हेही युगोस्लाव्ह परंपरेतले. त्यांनी 2 मीटर 05 उंचीच्या या पोराला चेंडू वर आणायला लावला. आपल्या भाषेत सांगायचं तर पावणेसात फुटांचा मुलगा पॉइंट गार्डचं, म्हणजे संघाचा खेळ चालवण्याचं, काम करू लागला. 1994 मध्ये प्रायोजकासह संघच मिलानला हलला आणि 1996 मध्ये त्यांनी इटलीची लीग आणि कप दोन्ही जिंकले. पुढे दोन वर्षं रेआल माद्रिद. 1998 ते 2002 अथेन्सचा पानाथिनाइकोस, तिथे 2000 आणि 2002 चं युरोपातल्या क्लबांचं विजेतेपद. 2002 ते 2005 बार्सिलोना. शेवटची दोन वर्षं रोम, आणि 2007 मध्ये निवृत्ती. 2022 मध्ये तो युरोलीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा, अध्यक्ष झाला.

त्याच्या दोन विजेतेपदांबद्दल थोडं जास्त सांगतो. 2002 ची युरोलीग अंतिम फेरी बोलोन्यात होती आणि समोर यजमान शहराचाच किंडर संघ, त्यात अर्जेंटिनाचा नामांकित खेळाडू मानू जिनोबिली. घरच्या प्रेक्षकांसमोर त्या संघाला पानाथिनाइकोसने 89-83 असं हरवलं आणि फायनल फोरचा, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या फेरीचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला बोदिरोगा. पुढच्याच वर्षी तो बार्सिलोनात. या क्लबने तोपर्यंत युरोपच्या पाच अंतिम लढती खेळल्या होत्या आणि पाचही हरल्या होत्या. 2003 मध्ये स्वतःच्या शहरात, पालाउ सांत जोर्दीमध्ये, त्यांनी इटलीच्या बेनेटन त्रेव्हिसोला 76-65 असं हरवलं आणि पहिल्यांदा कप उचलला. सर्वोत्तम खेळाडू पुन्हा बोदिरोगाच. क्लब बदलला, प्रशिक्षक बदलले, तिथे झेल्को ओब्रादोविच तर इथे स्वेतिस्लाव पेशिच, शेजारी खेळणारे बदलले, तरी शेवटच्या दिवशी चेंडू याच्याच हातात. एखाद्या पद्धतीत चपखल बसल्यामुळे चमकणारे खेळाडू असतात. हा त्यातला नव्हता.

देशासाठी खेळतानाही तसंच. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे युगोस्लाव्हिया (फुटल्यावर सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो मिळून उरलेला देश) तीन वर्षं आंतरराष्ट्रीय स्पर्धांबाहेर होता. 1995 मध्ये परतले ते थेट युरोपचे विजेते म्हणूनच. त्या संघात बोदिरोगा तरुण होता, पुढे दिवाच, जोर्जेविच, दानिलोविच अशी मोठी नावं होती. 1996 ला अटलांटा ऑलिम्पिकचं रौप्य, 1997 आणि 2001 ला पुन्हा युरोपचं सुवर्ण, 1998 ला अथेन्समध्ये विश्वविजेतेपद आणि त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच. 2002 ला इंडियानापोलिसमध्ये दुसरं विश्वविजेतेपद. त्याकडे शेवटी येतो.

आता खेळ.

तू पाहिलेल्या व्हिडिओंत त्याची एक चाल पुन्हा पुन्हा दिसली असेल. स्पॅनिश लोक तिला 'लातिगो' म्हणतात, म्हणजे चाबूक. तो ताठ उभा राहून, उंच ड्रिबल करत, जवळजवळ चालत येतो. मग चेंडू हात लांब करून शरीरापासून दूर नेतो, अगदी 'घे' म्हणून पुढे केल्यासारखा. बचावपटूला वाटतं, आता मिळतोय. तो हात घालतो किंवा नुसतं वजन त्या बाजूला टाकतो, आणि तेवढ्यात चेंडू त्याच्या पुढ्यातून दुसऱ्या हातात गेलेला असतो. मागोमाग एक लांब पाऊल. बचावपटू तिथेच उभा.

मुलं या चालीत हात पाहतात. तू खांदे आणि पाय पाहा. साध्या क्रॉसओव्हरमध्ये आपण खाली वाकतो, चेंडू गुडघ्याखाली ठेवतो आणि वेगाने बाजू बदलतो, म्हणजे बचावपटूच्या पायांशी शर्यत लावतो. ज्याचे पाय जड, तो ही शर्यत हरणार. बोदिरोगा शर्यत लावतच नाही. तो समोरच्याच्या मनात लोभ निर्माण करतो. हात पुढे करण्याचा निर्णय बचावपटूचा स्वतःचा असतो, आणि एकदा वजन पुढच्या पायावर गेलं की जगातला सर्वांत चपळ माणूससुद्धा अर्धा सेकंद जागेवर खिळतो. 2 मीटर 05 च्या माणसाला एका पावलात पुढे जायला तेवढा वेळ भरपूर झाला.

इथे एक धोका आहे. चेंडू असा लांब धरून फिरवताना तळवा चेंडूखाली गेला आणि चेंडू क्षणभर विसावला, तर ते चेंडू वाहून नेणं झालं, आणि पंचांनी शिट्टी वाजवलीच पाहिजे. हात चेंडूच्या बाजूला हवा, मनगट सैल हवं. नक्कल करणाऱ्या दहा मुलांपैकी आठ जण इथेच चुकतात आणि मग पंचांशी वाद घालतात.

पण लातिगो हा त्याच्या खेळाचा फक्त दर्शनी भाग. मला त्याच्याबद्दल खरा आदर वाटतो तो पुढच्या दोन पावलांसाठी. बचावपटू मागे पडला की आपली मुलं बास्केटकडे झेपावतात आणि मधल्या उंच माणसाच्या हातात सापडतात. बोदिरोगा पुढे गेल्यावर आणखी हळू होतो. मागे पडलेल्याला पाठीशी, कमरेच्या मागे अडकवून ठेवतो, म्हणजे तो परत पुढे येऊ शकत नाही. आता दोन बचावपटूंचं काम एकाच्या गळ्यात पडलेलं असतं. समोरचा उंच माणूस त्याच्यावर आला तर त्या माणसाने मोकळा सोडलेला बोदिरोगाचा साथीदार बास्केटखाली पास घेतो. आला नाही तर बोदिरोगा तिथूनच, जमिनीवरून पाय फारसे न उचलता, टाकून मोकळा होतो. दोघांच्या मध्ये सापडलाच तर फाऊल काढतो आणि फ्री थ्रो रेषेवर जातो. घाईत असलेल्या माणसाला या तीन वाटा दिसत नाहीत. त्याला फक्त बास्केट दिसतं.

तिसरी गोष्ट उंचीच्या हिशोबाची. त्याच्यावर गार्ड ठेवला तर तो त्याला पाठीवर घेऊन पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, न्यायचा आणि डोक्यावरून टाकायचा. जाडजूड पॉवर फॉरवर्ड ठेवला तर त्याला बाहेर ओढून ड्रिबलवर घ्यायचा. प्रतिस्पर्धी प्रशिक्षकासमोर दोन्ही पर्याय वाईट, आणि त्यातला कमी वाईट कोणता हे ठरवेपर्यंत सामना हातातून जायचा. त्याचा जंप शॉट दिसायला सुंदर मुळीच नव्हता, जवळजवळ उभ्याउभ्या टाकलेला. पण 6.25 मीटरच्या तेव्हाच्या रेषेबाहेरून तो पुरेसा जायचा, त्यामुळे त्याला मोकळं सोडायची सोय नव्हती.

त्या काळच्या नियमांचाही यात वाटा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत 2010 पर्यंत बास्केटसमोरचा रंगवलेला भाग समलंब चौकोनी होता, खाली चांगला 6 मीटर रुंद. मी ज्या सिमेंटच्या कोर्टावर शिकलो तिथे तोच आखलेला होता. त्यात तीन सेकंदांचा नियम, त्यामुळे उंच माणसांना बास्केटला चिकटून उभं राहताच येत नसे. त्यांना लांबून, तोंड बास्केटकडे करून खेळावं लागे. शिवाय युरोपात झोन बचाव, म्हणजे माणूस न धरता जागा राखणं, पहिल्यापासून चालत होता, म्हणजे मधल्या जागेत नेहमी गर्दी. अशा गर्दीत वेगापेक्षा नजर कामी येते. 2000 मध्ये हल्ल्याची वेळ 30 सेकंदांवरून 24 वर आली, तेव्हा खेळ वेगवान झाला. सावकाश खेळणारा माणूस इथे मागे पडेल असं कुणालाही वाटलं असतं. पण त्याची सर्वांत मोठी वर्षं त्यानंतरची आहेत. कारण 24 सेकंद कमी पडतात ते संघाची हालचाल फसल्यावर, आणि शेवटच्या सात-आठ सेकंदांत स्वतःच्या बळावर काहीतरी उभं करणारा माणूस त्यांच्याकडे होता.

एनबीएबद्दल थोडक्यात. 1995 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांत, सॅक्रामेंटो किंग्जने त्याला दुसऱ्या फेरीत, 51 व्या क्रमांकावर निवडलं. पुढे त्याच संघात दिवाच आणि पेजा स्तोयाकोविच हे त्याचे देशबांधव चमकले. बोदिरोगा मात्र एकही एनबीए सामना न खेळता निवृत्त झाला. तो तिथे कमी पडला असता का, यावर आजही लोक तावातावाने बोलतात. माझं मत असं की 2001 पर्यंत एनबीएत झोन बचावाला बंदी होती, एकास एक धावपळीला जास्त भाव होता, आणि दुसऱ्या फेरीत निवडलेल्या परदेशी फॉरवर्डच्या हातात कुणी चेंडू दिला नसता. त्याला कोपऱ्यात उभं करून शॉट टाकायला लावलं असतं. अथेन्स आणि बार्सिलोनात अख्खा संघ त्याच्या हातातून चालत होता. खेळाडू म्हणून मला त्यात काही गमावल्यासारखं दिसत नाही. पुढे लुका डॉन्चिच आणि योकिच यांच्या हातात एनबीएच्या संघांनी चेंडू दिला आणि सावकाश माणूस तिथेही काय करू शकतो हे जगाने पाहिलं.

आता तुझ्याबद्दल. इथे मला स्पष्ट बोलावं लागेल. बोदिरोगा 2 मीटर 05 होता, तू 1 मीटर 90 च्या आसपास आहेस. जिल्ह्यात तू उंच आहेस म्हणून तुला बास्केटखाली उभं केलंय. राज्याच्या संघाच्या निवडीला गेलास की तिथे तुझ्या उंचीचे गार्ड भेटतील, आणि राष्ट्रीय स्पर्धेत तर बास्केटखाली 6 फूट 8 आणि त्याहून उंच मुलं उभी असतील. तोवर तुला ड्रिबल येत नसेल, तर तुझ्यासाठी कोर्टावर जागाच उरणार नाही. मी अशी चांगली मुलं वाया गेलेली पाहिली आहेत. सोळाव्या वर्षी संघाचा सेंटर, विसाव्या वर्षी बाकावर. त्यात मीही दोषी आहे, सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा सामना जिंकण्यासाठी उंच मुलांना तिथेच ठेवलं. म्हणून सांगतो, चेंडू हाताळायला शिकणं ही तुझ्यासाठी हौस नाही.

सरांशी वाद घालू नकोस. सामन्यात ते सांगतील तेच कर, रिबाउंड मनापासून घे. सरावाला अर्धा तास आधी जा आणि एक मित्र सोबत ने.

पहिले पंधरा दिवस जागेवरून हलायचंच नाही. मित्र हाताच्या अंतरावर समोर उभा राहील, त्याला फक्त चेंडूला हात घालायची मुभा. तू ताठ उभा राहून कमरेएवढं ड्रिबल करायचं, नजर त्याच्या छातीवर. चेंडू थोडा पुढे कर. त्याने हात घातला तरच बाजू बदल, नाही घातला तर बदलू नकोस. ही अट सर्वांत अवघड आहे, कारण आपल्याला ठरवून ठेवलेली चाल करायची सवय असते. इथे तुला वाट पाहायला शिकायचंय. डाव्या हाताला उजव्याच्या दुप्पट वेळ दे. मग तेच चालत कर, आणि मग अर्ध्या कोर्टावर तीन पावलं जोरात, तीन पावलं चालत, पुन्हा दोन जोरात. तुझा कमाल वेग सहा महिन्यांत फारसा वाढणार नाही. पण चालणं आणि तुझं धावणं यातला फरक समोरच्याला जाणवला पाहिजे. जो सतत एकाच वेगाने धावतो तो कितीही चपळ असला तरी त्याला रोखणं सोपं असतं.

पुढे गेल्यावरचा सराव तीन जणांत कर. एक बचावपटू तुझ्या पाठीशी अडकलेला, एक बास्केटसमोर, एक साथीदार बाजूला. समोरचा आला तर ड्रिबलमधूनच एका हाताने पास, नाही आला तर दोन सावकाश पावलं घेऊन फळ्यावरून टाक. दोन्ही हातांनी चेंडू धरून मग विचार करायला लागलास की तू संपलास. आणि सरावाच्या शेवटी, पाय थरथरत असताना, रोज पन्नास फ्री थ्रो. सावकाश खेळणाऱ्याला फाऊल भरपूर मिळतात. ते गुणांत बदलता आले नाहीत तर हा सगळा खटाटोप फुकट.

बचावात मात्र बोदिरोगाचं अनुकरण पुरणार नाही. तिथे जड पायांची भरपाई अंतराने करावी लागते. समोरच्यापासून एक हात मागे उभा राहा, त्याला त्याच्या कमजोर बाजूला जायला भाग पाड, आणि त्याने ज्या हाताने चेंडू पुढे केला असेल तिकडे हात घालू नकोस. का ते आता तुला माहीत आहे.

आणि एक सामना पूर्ण पाहा, तुकडे नकोत. 2002 च्या विश्वस्पर्धेची अंतिम लढत, युगोस्लाव्हिया विरुद्ध अर्जेंटिना. उपांत्यपूर्व फेरीत युगोस्लाव्हियाने अमेरिकेला त्यांच्याच देशात 81-78 असं हरवलं होतं. अर्जेंटिनानेही त्याच स्पर्धेत अमेरिकेला हरवलेलं, म्हणजे दोघांचाही आत्मविश्वास टिपेला. शेवटची काही मिनिटं उरली असताना अर्जेंटिना आठ गुणांनी पुढे आहे. अशा वेळी कुठलाही संघ घाईत लांबून शॉट टाकायला लागतो. बोदिरोगा त्या मिनिटांत चेंडू मागतो आणि त्याच चालीने चालत येतो, पहिल्या मिनिटाला येत होता तसा. बरोबरी होते, सामना जादा वेळेत जातो आणि युगोस्लाव्हिया 84-77 असा जिंकतो. त्याचे 27 गुण.

ती मिनिटं दोनदा पाहा. पहिल्यांदा जशी आहेत तशी. दुसऱ्यांदा चेंडूवरची नजर काढ आणि फक्त त्याच्यासमोरच्या बचावपटूचा पुढचा पाय पाहा. तो पाय जमिनीवर टेकतो तेव्हा बोदिरोगाचा हात कुठे असतो, ते वहीत लिहून मला कळव. मग पुढचा सराव सांगतो.